अशनी : आकाशातून आलेले दगड

(जेथे माणूस पोहोचू शकत नाही, तेथील माहिती शास्त्रज्ञ कशी मिळवतात? पृथ्वीच्या पोटात काय आहे आणि मंगळावरचा खडक कसा आहे, हे आकाशातून पडलेल्या दगडांवरून कसे समजले, ते या पाठात सांगितले आहे.)

मोगल बादशहा जहांगीर याने आपल्या आठवणी फारसी भाषेत लिहून ठेवल्या आहेत. ‘तुझुक-ए-जहांगिरी’ हे त्या ग्रंथाचे नाव तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकले असेल. त्यात १६२१ सालची एक विलक्षण हकिकत आहे. पंजाबातील जालंधर परगण्यातल्या एका गावी पहाटे पूर्वेकडून प्रचंड आवाज झाला. गावकरी भयभीत झाले. तेवढ्यात एक लखलखीत प्रकाश वरून खाली आला आणि जमिनीवर पडला. परगण्याचा आमील मुहम्मद सईद त्या जागी गेला. दहा-बारा गज जमीन अशी भाजून निघाली होती, की गवताची काडीदेखील उरली नव्हती. त्याने ती जागा खणायला लावली. जसजसे खोल जावे, तसतशी माती अधिक गरम लागत होती. शेवटी लोखंडाचा एक तापलेला तुकडा हाती आला.

(हे वर्णन थोडे वाढवून सांगितलेले असावे, असे मला वाटते. आकाशातून पडणारा दगड हवेतून वेगाने येताना फक्त वरवर तापतो. आत तो थंडच असतो.)

आमीलने तो तुकडा पिशवीत घालून दरबारात पाठवला. बादशहाने आपल्यासमोर त्याचे वजन करवले. ते १६० तोळे, म्हणजे जवळजवळ दोन किलो भरले. मग उस्ताद दाऊद या कारागिराला त्याची शस्त्रे बनवण्याचा हुकूम झाला. पण घणाचा घाव बसताच ते लोखंड फुटू लागले. तेव्हा तीन भाग हे लोखंड आणि एक भाग साधे लोखंड असे मिश्रण करण्यात आले. त्यातून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. ती सुरी आजही अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात एका संग्रहालयात ठेवलेली आहे.

जहांगीरने त्या तुकड्याला विजेचे लोखंड मानले. विजेला उर्दूत तुम्ही ‘बर्क’ म्हणता. पण वीज पडली म्हणून आकाशातून लोखंड पडत नाही. मग ते आले कोठून?

रात्री आकाशात एखादी प्रकाशाची रेघ क्षणभर चमकून जाते. तिला मराठीत ‘उल्का’ म्हणतात आणि उर्दूत ‘शहाब-ए-साकिब’. बहुतेक उल्का हवेतच जळून जातात. क्वचित एखादी इतकी मोठी असते, की तिचा काही भाग उरतो आणि जमिनीवर येऊन पडतो. त्या उरलेल्या दगडाला किंवा लोखंडाला ‘अशनी’ असे म्हणतात. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मध्ये लाखो लहानमोठे लघुग्रह सूर्याभोवती फिरत आहेत. ते एकमेकांवर आदळतात, त्यांचे तुकडे उडतात आणि त्यांतील काही तुकडे भटकत भटकत पृथ्वीच्या वाटेवर येतात. जवळजवळ सर्व अशनी अशा रीतीने आलेले आहेत.

अशनीतले लोखंड आपल्या खाणीतल्या लोखंडासारखे नसते. खाणीत शुद्ध लोखंड मिळत नाही. गंजासारखी लाल माती किंवा काळा दगड मिळतो. तो भट्टीत वितळवावा लागतो. तेव्हा जड लोखंड खाली बसते आणि हलकी मळी वर तरंगते. अशनीतले लोखंड मात्र धातूच्या रूपातच असते आणि त्यात निकेल मिसळलेले असते. शंभर भागांत साधारणपणे ५ ते २० भाग निकेल. म्हणजे हे लोखंड कोणत्या तरी भट्टीतून आधीच बाहेर पडलेले आहे. ती भट्टी कोणती?

हे समजण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे अशनी पाहू. पडताना दिसलेल्या शंभर अशनींपैकी सुमारे ८५ अशनी दगडी असतात आणि त्यांच्या आत बारीक बारीक गोल दाणे दिसतात. त्यांना ‘काँड्राइट’ म्हणतात. २८ जानेवारी १९७६ रोजी गुजरातमधील धजाळा या गावाच्या परिसरात पडलेला अशनी याच जातीचा होता. काँड्राइट फोडला, की दगडाचे दाणे आणि लोखंडाचे कण एकमेकांत मिसळलेले दिसतात. कोणी काही निवडून वेगळे केलेले नाही. काही काँड्राइटांमधील मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्यातील प्रमाणाशी जुळते. हायड्रोजन, हेलियम यांसारखे वायू तेवढे सोडून द्यायचे. याचा अर्थ असा, की सूर्य आणि ग्रह ज्या धुळीपासून बनले, ती धूळ या दगडांत जशीच्या तशी राहिली आहे. हा ग्रहांचा कच्चा माल आहे.

या कच्च्या मालापासून लघुग्रह बनले, तेव्हा त्यांत एक विशेष प्रकारचे किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम होते. ते हळूहळू नष्ट होताना उष्णता देत असे. दर सात लाख वर्षांनी त्याचे प्रमाण निम्मे होई. जे लघुग्रह लवकर तयार झाले, त्यांच्या वाट्याला हे इंधन भरपूर आले. ते आतून वितळले. लोखंड आणि निकेल जड, म्हणून ते मध्यभागी बुडाले. दगड हलका, म्हणून तो वर राहिला. जे लघुग्रह वीस-तीस लाख वर्षे उशिरा जमले, त्यांच्या वेळेपर्यंत इंधन संपत आले होते. ते वितळले नाहीत. त्यांचेच तुकडे म्हणजे काँड्राइट. माल एकच, पण वेळ चुकल्याने एक भाग शिजला आणि दुसरा कच्चा राहिला!

आता लोखंडी अशनीचे कोडे सुटते. वितळलेल्या लघुग्रहाच्या मध्यभागी लोखंडाचा गाभा तयार झाला. पुढे टकरा होऊन तो लघुग्रह फुटला आणि गाभ्याचे तुकडे मोकळे झाले. बहुतेक लोखंडी अशनी असे एखाद्या फुटलेल्या लघुग्रहाच्या पोटातून आलेले आहेत.

पृथ्वीच्या बाबतीतही हेच घडले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. पृथ्वीवरचे साधे खडक पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतात. सगळी पृथ्वी मात्र पाण्याच्या साडेपाच पट जड आहे. तेव्हा आत काही तरी फार जड असलेच पाहिजे. ते लोखंड आणि निकेल यांचे आहे. हा गाभा आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर सुरू होतो. रशियातील कोला येथे माणसाने जमिनीत सर्वांत खोल भोक पाडले; त्यासाठी वीस वर्षांच्या आसपास खटपट केली. तरी ते १२ किलोमीटरच्या थोडेच पुढे गेले. गाभ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही. पण तशाच एका गाभ्याचा तुकडा उस्ताद दाऊदच्या ऐरणीवर आला होता.

लोखंड खाली बुडाले, तेव्हा ते एकटे गेले नाही. निकेल, सोने, प्लॅटिनम या धातूंना लोखंडाची ओढ असते. ते लोखंडाबरोबर गाभ्यात गेले. म्हणून पृथ्वीवरचे जवळजवळ सगळे सोने आपल्या हाती न लागणाऱ्या जागी आहे. मग खाणीत जे थोडे सोने सापडते ते कसे उरले? गाभा तयार झाल्यानंतर पृथ्वीवर अशनींचा मारा चालूच होता. त्यांनी आणलेले सोने वरच्या थरात राहून गेले, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. हे खरे असेल, तर तुमच्या घरातील अंगठीचे सोनेही एके काळी आकाशातून पडलेले आहे.

हे सगळे कधी घडले? १९५६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधील शिशाचे मापन करून पृथ्वीचे वय काढले. युरेनियमचे हळूहळू शिसे होते, हे तुम्ही विज्ञानात शिकाल. पॅटरसन यांचे उत्तर होते ४५५ कोटी वर्षे. आजही ते जवळपास तसेच मानले जाते. हे मापन करताना त्यांना फार त्रास झाला, कारण प्रत्येक वेळी शिसे जास्तच भरे. ते शिसे दगडातले नव्हते. हवेतले, धुळीतले, कपड्यांवरचे होते. पेट्रोलमध्ये त्या काळी शिसे मिसळत आणि ते मोटारींच्या धुरातून सगळीकडे पसरे. पॅटरसन यांनी आपली प्रयोगशाळा काटेकोरपणे स्वच्छ केली आणि पुढे आयुष्यभर त्या विषारी शिशाविरुद्ध आवाज उठवला. भारतात २००० सालापासून शिसे नसलेले पेट्रोल विकले जाते. दगडाचे वय मोजायला निघालेल्या माणसाचा या बदलात मोठा वाटा आहे.

मेक्सिकोत १९६९ साली आयेंदे नावाचा अशनी पडला. त्यातील पांढऱ्या ठिपक्यांसारख्या खड्यांचे वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षे भरले. सूर्यमालेत तयार झालेले हे सर्वांत जुने घन पदार्थ. इतर अशनीही साधारण याच वयाचे निघत. अशनी म्हणजे साडेचारशे कोटी वर्षांचा, असा जणू नियमच होता.

हा नियम एका भारतीय दगडाने मोडला.

बिहारमध्ये गया जिल्ह्यात, ग्रँड ट्रंक रस्त्यावर शेरघाटी नावाचे गाव आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास तेथे मोठा आवाज होऊन आकाशातून एक दगड पडला. त्याचे वजन सुमारे पाच किलो होते. इंग्रजांनी गावाचे नाव ‘शेरगोटी’ असे लिहिले आणि शास्त्राच्या पुस्तकांत तेच कायम झाले. दगडाचा एक तुकडा व्हिएन्ना शहरात गेला. तेथील शास्त्रज्ञ गुस्ताव चेर्माक यांनी १८७२ साली त्याचे बारकाईने वर्णन केले. त्यात त्यांना एक नवीन गोष्ट दिसली. खडकात फेल्डस्पार नावाचे खनिज असते. त्याचे स्फटिक असतात. येथे मात्र स्फटिकाचा आकार तसाच होता, पण आतला पदार्थ काचेसारखा झाला होता. चेर्माक यांनी त्या काचेला ‘मास्केलिनाइट’ असे नाव दिले. मास्केलिन हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील खनिजांचे जाणकार होते. स्फटिक न वितळता काच कशी झाली, हे त्या वेळी कोणाला सांगता आले नाही.

हा दगड बेसाल्ट होता. म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळसर खडक. बेसाल्टचे अशनी पूर्वीही माहीत होते. वेस्टा नावाच्या मोठ्या लघुग्रहावरून ते येतात. पण वेस्टावरचा लाव्हा सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीला वाहिला आणि थंड झाला. शेरघाटीच्या दगडाचे वय मोजले, तेव्हा ते अवघे १७ कोटी वर्षांच्या आसपास भरले!

येथे जरा थांबून विचार करा. चहाचा कप पाच मिनिटांत निवतो, पण मोठे पातेले तासभर गरम राहते. लहान लघुग्रह कधीच थंड झालेले होते. १७ कोटी वर्षांपूर्वी ज्याच्यावर ताजा लाव्हा वाहत होता, ते पातेले मोठे असले पाहिजे. म्हणजे तो ग्रहच असला पाहिजे. कोणता? तो पृथ्वीचा नव्हता, कारण त्यातील ऑक्सिजन वेगळा होता. ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात आणि त्यांचे प्रमाण हे त्या त्या ग्रहाचे ओळखपत्रच असते. चंद्रावरचे दगड १९६९ ते १९७२ या काळात अंतराळवीरांनी आणले होते. त्यांच्याशीही हा जुळेना. शुक्राभोवती हवेचे इतके जाड आवरण आहे, की तेथून दगड उडून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य. मग राहिला मंगळ.

तरीही अनेक शास्त्रज्ञांना हे पटत नव्हते. त्यांची शंका रास्त होती. मंगळ सोडून जायचे तर दगडाला सेकंदाला पाच किलोमीटरचा वेग हवा. एवढा तडाखा बसल्यावर दगडाचा चुरा होईल किंवा तो वितळून जाईल. तो शाबूत कसा राहील?

या वादाचा निकाल अंटार्क्टिकाच्या बर्फाने दिला. तेथे पांढऱ्या बर्फावर काळे अशनी सहज दिसतात. १९७९-८० च्या मोहिमेत शेरघाटीच्याच जातीचा सुमारे आठ किलोचा एक दगड सापडला. त्याच्या आत काचेचे काळे ठिपके होते. अमेरिकेतील डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती काच तापवली आणि तिच्यात अडकलेला वायू मोजला. त्याआधी १९७६ साली व्हायकिंग याने मंगळावर उतरली होती आणि त्यांनी तेथील हवेचे मापन पृथ्वीवर पाठवले होते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर ते जुळले. मंगळावर टक्कर झाली त्या क्षणी तेथील हवा काचेत कोंडली गेली होती! १९८३ साली या दोघांनी आपला लेख छापला, पण लेखाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. पुढे इतर वायूंचीही मोजणी झाली आणि ते प्रश्नचिन्ह उरले नाही.

म्हणजे शेरघाटीचा दगड मंगळावरचा होता. मंगळावर मोठा अशनी आदळला, जमिनीवरचे काही दगड उडाले आणि त्यांतला हा एक पंचवीस-तीस लाख वर्षे अवकाशात भटकून बिहारमधील एका गावात आला. आजवर एकाही यानाने मंगळावरून दगड आणलेला नाही. आपल्याजवळ मंगळाचे जेवढे खडक आहेत, ते सगळे असेच आपण होऊन आलेले आहेत. त्यांतील शेरघाटीसारख्या दगडांच्या जातीला ‘शेरगोटाइट’ हे नाव शेरघाटीवरूनच मिळाले.

या दगडांनी मंगळाची कहाणी सांगितली. मंगळही वितळला होता, त्याचाही लोखंडी गाभा तयार झाला होता. तो पृथ्वीच्या कितीतरी आधी, काही दशलक्ष वर्षांतच घडून पूर्ण झाला. पृथ्वीला त्यासाठी कोट्यवधी वर्षे लागली. पण मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या भागाइतकेच आहे. तो लवकर निवत गेला. त्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले आणि त्याची बरीचशी हवा अवकाशात निसटून गेली. आज तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. एकाच धुळीपासून बनलेले हे दोन भाऊ. एकावर समुद्र राहिले, दुसरा कोरडा पडला.

आता त्या मास्केलिनाइट काचेकडे परत येऊ. ही काच पाहायला मंगळावर जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो गोल खड्डा दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये आहे. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यामुळे खड्डासुद्धा ज्वालामुखीचाच असणार, असे पुष्कळांना वाटे. दुसरे काही जण म्हणत, की तो अशनी आदळून झाला. खड्ड्याच्या तळाशी छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढण्यात आले. त्यांत फेल्डस्पारच्या जागी तीच काच मिळाली. एवढा जबर दाब ज्वालामुखीला देता येत नाही. तो फक्त आकाशातून येऊन आदळणाऱ्या दगडालाच देता येतो. १९७३ साली हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि लोणारचा वाद मिटला. खड्ड्याचे वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानत. अलीकडच्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले आहे.

बेसाल्टमध्ये पडलेले असे विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे. मंगळावर आणि चंद्रावर मात्र ती हजारोंनी आहेत. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात, उतारावरचे काळे दगड वेचतात आणि शेरघाटीच्या दगडाशेजारी ठेवून पाहतात.

शब्दार्थ

अशनी – आकाशातून जमिनीवर पडलेला दगड किंवा लोखंड. गाभा – अगदी मधला भाग. मळी – धातू वितळवल्यावर वर येणारा टाकाऊ भाग. ऐरण – ज्यावर ठेवून लोहार लोखंड ठोकतो ती वस्तू. निवणे – थंड होणे. शाबूत – न मोडलेले. विवर – खोल खड्डा. रास्त – योग्य.

स्वाध्याय

१. जहांगीरच्या कारागिराने आकाशातील लोखंडात साधे लोखंड का मिसळले?
२. काँड्राइटाला ‘ग्रहांचा कच्चा माल’ का म्हटले आहे?
३. शेरघाटीचा दगड लघुग्रहाचा नाही, हे त्याच्या वयावरून कसे ठरले? चहाच्या कपाचे उदाहरण घेऊन आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘गज’, ‘तोळा’, ‘खंजीर’ हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.
५. पुढील शब्द वाक्यांत वापरा : भयभीत होणे, हाती लागणे, आवाज उठवणे.